रात्रीच्या लग्नाचे निळे-पिवळे फोटो : दुरुस्ती कुठे, कशी, कितीत?

रिसेप्शनचे फोटो हातात येतात. नवरीचा एक गाल हॅलोजनने पिवळा, दुसरा स्टेजवरच्या पार लाइटने निळा आणि मागे ट्यूबलाइटखाली बसलेले मामा हिरवट. स्टुडिओवाला सांगतो, ‘कलर करेक्शनचे वेगळे पडतील.’ लगेच हो म्हणू नका. यातले बरेच फोटो तुम्ही घरी फुकटात सुधारू शकता. काहींना जाणकार हात लागेल. काही मात्र कुणाकडूनच नीट होणार नाहीत. हे तीन गठ्ठे वेगळे केल्याशिवाय भाव ठरवू नका.

आधी तिसरा गठ्ठा बाजूला काढा, कारण पैसे इथेच वाया जातात. चेहऱ्यावर फक्त जांभळा किंवा निळा एलईडी पडला असेल, तर त्वचेचे बाकीचे रंग कॅमेऱ्यात उतरलेलेच नसतात. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखालच्या वरातीचंही तेच. स्लायडर कितीही ओढा, साडीचा हिरवा रंग परत येत नाही. एलईडीच्या लुकलुकण्याने आडवे रंगीत पट्टे उमटलेले फोटोही याच गठ्ठ्यात टाका. यांतले आवडते फोटो कृष्णधवल करून घ्या. हे काम फुकट होतं आणि छान दिसतं. ‘सगळं काढून देतो’ म्हणणाऱ्याकडून आधी एक फोटो करून घ्या, मगच पुढचं बोला.

आता कागदपत्रं म्हणा किंवा सामान म्हणा, तुम्हाला लागते ती मूळ फाइल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली फाइल दाबून लहान केलेली असते, तिच्यावर काम करू नका. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन जा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली फाइल, मिळाली तर उत्तम. जेपीजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. म्हणून रॉमधला पिवळा सहज निघतो. जेपीजीत तो ओढून काढायला गेलं की चेहऱ्यावर डाग उमटतात. ‘रॉ देत नाही’ असं उत्तर मिळालं तर करार बघा. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला कॉपीराइट, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार काम सांगणाऱ्याचा असतो. तरी प्रत्यक्ष फाइल हातात पडायची, तर ‘रॉ फाइलसह’ हे शब्द बुकिंगच्या कागदावरच हवेत.

घरी करायचं असेल तर संगणकावर डार्कटेबल किंवा रॉथेरपी, फोनवर स्नॅपसीड. तिन्ही फुकट. सुरू करण्याआधी स्क्रीनचा ‘नाइट लाइट’ बंद करा. तो चालू राहिला तर सगळे फोटो निळे करून बसाल.

अडचण काय आहे ते एका वाक्यात : हॅलोजन साधारण ३००० केल्विनचा, पांढरी ट्यूब ६५००ची, आणि व्हाइट बॅलन्स मात्र पूर्ण फोटोला एकच. म्हणून आधी चेहरा पकडा. चेहऱ्यावर जो दिवा जास्त पडलाय, त्याच दिव्यात आलेलं पांढरं काहीतरी शोधा, म्हणजे सदऱ्याची कॉलर किंवा रुमाल, आणि तिथे व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर लावा. चेहरा माणसाचा दिसू लागला की तो भाग सोडून द्या. दुसऱ्या दिव्याचा भाग मास्कने वेगळा करा आणि तेवढ्याचंच टेंपरेचर हलवा. हिरवट छटेसाठी टिंट थोडा गुलाबीकडे न्या. स्नॅपसीडमध्ये हेच काम ‘ब्रश’मधल्या टेंपरेचरने होतं. गालावरची निळी कड पूर्ण जात नसेल तर तेवढ्या जागेचं सॅच्युरेशन कमी करा. पहिल्या फोटोला अर्धा तास लागेल. त्याच जागी, त्याच दिव्यात काढलेल्या पुढच्या फोटोंना सेटिंग कॉपी करा. मग फक्त मास्क सरकवायचा उरतो.

सगळा पिवळा मात्र काढू नका. आमच्या घरच्या एका हळदीचे फोटो असे ‘करेक्ट’ होऊन आले की नवरीच्या हातावरची हळद राखेसारखी दिसत होती. समईचा उजेड दुधी झाला होता. पैसे पूर्ण दिलेले होते, फोटो पुन्हा करून घ्यायला तीन आठवडे गेले. हळद, समई, मुंडावळ्यांची जर यांचा पिवळा तसाच राहू द्या, हे देतानाच सांगा. लिहून द्या.

स्टुडिओकडे जायचंच असेल तर आठशे फोटो देऊ नका. अल्बमात जाणारे चाळीस निवडा. भाव फोटोमागे विचारा, ‘पॅकेज’मध्ये नको. समजा फोटोमागे ५० रुपये ठरले : चाळीस फोटोंचे २,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६०, एकूण २,३६०. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर तो ३६०चा आकडा देऊ नका. नोंदणी नसलेल्याला कर लावता येत नाही. आणखी चार गोष्टी आधीच विचारा : मास्किंगचे वेगळे का, दुसऱ्यांदा बदल सांगितला तर किती, मोठ्या आकाराची फाइल त्यातच का, घाईचे जादा का. अल्बम छापण्याआधी ४×६चे दोन प्रिंट काढायला लावा. स्क्रीनवर गोरा दिसणारा चेहरा कागदावर लाल येऊ शकतो.

ॲपच्या वर्गणीपाशी सर्वांत जास्त सावध राहा. ‘सात दिवस मोफत’च्या आत रद्द केलं नाही तर वर्षाचे पैसे एकदम कापले जाऊ शकतात. ॲप फोनवरून काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरच्या सदस्यत्वांत जाऊन रद्द करावी लागते. यूपीआय ऑटोपे दिला असेल तर तोही बंद करा. ‘दरमहा’ दिसणारी योजना खरोखर महिन्याची आहे की वर्षाची बांधिलकी हप्त्यांत, ते वाचा. वार्षिक योजना मध्येच सोडण्याचा दंड लपवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या सरकारने जून २०२४मध्ये फोटोशॉपवाल्या अडोबी कंपनीवर खटला भरला होता. विकतचे प्रीसेट या कामाला घेऊ नका. तुमच्या मांडवात कुठला दिवा कुठे होता, हे प्रीसेटला माहीत नसतं. ठरल्यापेक्षा जास्त पैसे कुणी घेतलेच तर बिल आणि मेसेज जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन करा.

घरात पुढचं कार्य ठरलं असेल तर डेकोरेटरला आजच सांगा : वधूवरांच्या चेहऱ्यावरचे दोन्ही फोकस एकाच रंगाचे, आणि रंगीत पार लाइट फक्त मागच्या पडद्यावर. याचे तो सहसा वेगळे पैसे घेत नाही.