एकच प्रथिन, निराळे आजार

प्रश्न : प्रायॉनचे सगळे आजार एकाच प्रथिनामुळे होतात. मग एका रुग्णाची झोप उडते आणि दुसऱ्याची स्मृती जाते, असे का?

उत्तर : हे प्रथिन एकापेक्षा अधिक प्रकारे चुकीचे दुमडले जाते. प्रत्येक घडण म्हणजे प्रायॉनचा वेगळा वाण. आनुवंशिक आजारांत हे फार स्पष्ट दिसते. प्रथिनाच्या साखळीत १७८व्या जागी अस्पार्टिक आम्लाऐवजी अस्पॅराजिन आले की आजार होतो. कोणता, हे बहुतांशी त्याच साखळीतली १२९वी जागा ठरवते. तिथे मेथिओनिन असेल तर प्रामुख्याने थॅलॅमसमधील चेतापेशी मरतात. झोप नाहीशी होते, घाम आणि रक्तदाब यांवरचे नियंत्रण सुटते. व्हॅलिन असेल तर मेंदूचे बाह्यक पोखरले जाते आणि क्रॉइट्झफेल्ट-याकोबचा स्मृतिभ्रंश होतो. पापुआ न्यू गिनीतल्या कुरू या प्रायॉनच्याच आजारात लघुमेंदू बिघडतो, म्हणून आधी तोल जातो.

१९९६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. वरच्या झोप उडवणाऱ्या आजारातील मेंदूचा अर्क आणि प्रथिनातल्या दुसऱ्या एका बदलामुळे होणाऱ्या आनुवंशिक क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजारातील मेंदूचा अर्क जनुक बदललेल्या, एकसारख्या उंदरांना टोचला. तरी प्रत्येक अर्काने आपलीच घडण त्यांच्या प्रथिनावर उमटवली. विशिष्ट घडणीला मेंदूचा विशिष्ट भागच का बळी पडतो, याचे पूर्ण उत्तर मात्र विज्ञानाला अजून मिळालेले नाही.