घरची नॅस पेटी : वेगवान जाळ्यावर पैसा घालावा काय?

नांदेड आणि लातूरमध्ये आपले कितीतरी बांधव फोटो स्टुडिओ, लग्नाचे व्हिडिओ, अल्बम डिझाइन आणि फ्लेक्सच्या धंद्यात आहेत. पूर्वी त्यांच्या घरी निगेटिव्ह व कॅसेटींनी भरलेली कपाटे असत. आता त्या जागी नॅस नावाची पेटी आली आहे. तिच्यात दोन किंवा चार हार्डडिस्क असतात आणि ती केबलने घरातल्या सर्व कॉम्प्युटरना जोडलेली असते. खाली दुकान, वर एडिटिंग अशीच बहुतेकांची मांडणी. ईदनंतर निकाह-वलीम्यांची दाटी झाली की फाइली उतरवताना तासन्‌तास जातात, गिऱ्हाईक फोन करू लागते, आणि मग कोणीतरी सल्ला देतो : तुमचे जाळे एक गिगाबिटचे आहे, ते अडीच किंवा दहा गिगाबिटचे करून घ्या.

हा सल्ला कोणासाठी खरा आहे आणि कोणासाठी नाही, याचा हिशेब खिशात हात घालण्यापूर्वी करावा.

प्रथम माप समजून घेऊ. सराफाच्या पेढीवर आठ गुंजांचा एक मासा धरीत. येथे आठ बिटांचा एक बाइट होतो. जाळ्याचा वेग बिटांत सांगतात आणि फाइलचे वजन बाइटांत, त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट. आठने भागले की १२५ मेगाबाइट. त्यातले काही वाटेतच खर्ची पडते व हाती ११० च्या आसपास येते. अडीच गिगाबिटला हाच आकडा सुमारे २८०, दहा गिगाबिटला हजाराच्या आसपास. जुन्या १०० मेगाबिटच्या स्विचला मात्र अवघा ११.

इंटरनेटच्या प्लॅनचा याच्याशी संबंध नाही, हेही येथेच सांगून टाकतो. प्लॅन दुप्पट केला म्हणून वरच्या खोलीतून खालच्या पेटीत फाइल लवकर पोहोचत नाही.

आता लातूरची गंजगोलाई डोळ्यांसमोर आणावी. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी ती आखली, मधली इमारत १९१७ ची, आणि सोळा रस्ते तेथे येऊन मिळतात. गोलाई कितीही ऐसपैस असली तरी एखाद्या रस्त्यात हातगाडे आडवे उभे असतील तर त्या बाजूचा माल त्याच गतीने आत येणार. घरातला स्विच ही अशीच गोलाई आहे. कॅमेऱ्याचे कार्ड, कार्डरीडर, कॉम्प्युटर, केबल, स्विच, पुन्हा केबल, पेटी आणि पेटीतली हार्डडिस्क अशा वाटेने फाइल जाते. त्यात जी जागा सर्वांत अरुंद, तिचाच वेग साऱ्या वाटेला मिळतो.

समजा एका लग्नाचे २०० गिगाबाइट चित्रीकरण आहे. १०० मेगाबिटच्या जाळ्यातून ते पेटीत जायला पाच तास लागतील. एक गिगाबिटमधून अर्धा तास. अडीच गिगाबिट केले तर? हिशेबाने बारा मिनिटे यायला हवीत, पण पेटीतली साधी हार्डडिस्क सेकंदाला १८० मेगाबाइटच लिहीत असेल तर अठरा-एकोणीस मिनिटे लागतील. दहा गिगाबिट केले तरी तीच अठरा-एकोणीस मिनिटे, कारण आता अडवणूक डिस्कची आहे. आणि हे सारे सोडून कार्डरीडरच जुना यूएसबी २ चा असेल तर तो सेकंदाला ३५ च्या आसपास देतो, म्हणजे कार्ड उतरवायलाच दीड तास. अशा वेळी केवळ नवा कार्डरीडर आणून (कार्ड तेवढे वेगवान हवे) जो फायदा होईल तो महागड्या स्विचने होणार नाही.

म्हणून आधी तपासणी. एक मोठी व्हिडिओ फाइल, चार-पाच गिगाबाइटची, कॉम्प्युटरमधून पेटीत टाकावी व विंडोजच्या खिडकीत दिसणारा वेग शेवटपर्यंत पाहावा. सुरुवातीचा आकडा धरू नये, तो फुगलेला असतो. हजार फोटोंचा फोल्डर टाकून ही परीक्षा घेऊ नये. बारीक फायली कोणत्याही जाळ्यात रेंगाळतात. वेग ११ वर अडकला तर जाळे १०० मेगाबिटवर चालले आहे. ११० आला तर गिगाबिटचा रस्ता पुरा भरून वाहतो आहे. ४०-५० आला तर दोष डिस्कचा, पेटीच्या अशक्त प्रोसेसरचा, किंवा कोणी वायफायवरून काम करीत असल्याचा.

११ चा आकडा दिसला तर वाईट वाटून घेऊ नये, कारण हा रोग स्वस्तात बरा होतो. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. काही ठिकाणी बसवणारा चारच तारा जोडतो, उरलेल्या चार कॅमेऱ्यासाठी वापरतो. कोठे एखादी तार तुटलेली असते. जाळे तक्रार न करता खालच्या वेगावर उतरते आणि मालक वर्षानुवर्षे पेटीला दोष देत राहतो. केबल स्वस्त मिळाली असेल तर तिची तारही चाकूने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. ती बदलणेच बरे.

आता ज्यांचा वेग ११० येतो त्यांचा प्रश्न. अडीच गिगाबिटचे मानक २०१६ साली मंजूर झाले, आणि त्याची सोय अशी की जुनी चांगली कॅट-५ई केबलही शंभर मीटरपर्यंत चालते, भिंती फोडाव्या लागत नाहीत. दहा गिगाबिटला लांब अंतरासाठी कॅट-६ए लागते, शिवाय तांब्याच्या केबलवर त्याची यंत्रे तापतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, याचा विचार करावा.

समजा स्विच, लॅन कार्डे वगैरे मिळून २० हजारांचा खर्च आहे. एका लग्नामागे वाचतात अकरा-बारा मिनिटे. वर्षाला चाळीस लग्ने धरली तर साडेसात-आठ तास. म्हणजे वाचलेला एक तास अडीच हजारांना पडला, आणि तोही तेव्हाच, जेव्हा त्या वेळी माणूस खरोखर हात बांधून बसलेला असतो. फाइली रात्री लावून झोपणाऱ्याचे काहीच वाचत नाही. हा खर्च व्याजाच्या हप्त्यावर करण्याचे तर कारणच दिसत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. कित्येक कॅमेऱ्यांचे फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट घेते. एक एडिटर तीन कॅमेरे एकत्र पाहत असेल तर साडेसदतीस. गिगाबिटला हे जड नाही. दोन एडिटर असे बसले की ७५ होतात. तिसरा बसला की पेटीच्या तोंडाशी कोंडी होते, कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळा असला तरी पेटीचा एकच आहे. खरे तर त्याच्या आधीच हार्डडिस्क धापा टाकू लागते, तिला एकाच वेळी दहा जागी धावावे लागते. अशा कारखान्याने प्रथम चालू कामासाठी पेटीत एसएसडी घ्यावी. मग पेटी व स्विच यांच्यामधला एकच रस्ता अडीच गिगाबिटचा करावा आणि एडिटरांचे कॉम्प्युटर आहेत तसे गिगाबिटवर ठेवावेत. निम्म्याहून अधिक खर्च येथेच वाचतो. पेटीला दोन गिगाबिट पोर्ट असतील तर ती दोन्ही जोडूनही कोंडी सुटते. मात्र त्याने एकट्या माणसाची एक फाइल लवकर जात नाही, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

वेगाच्या नादात एक खर्च मागे पडतो, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पेटीतल्या दोन डिस्कवर तोच मजकूर असला तरी त्याला दुसरी प्रत म्हणू नये. विजेचा झटका आला, पेटी चोरीला गेली, किंवा व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्ही एकदम जातात, आणि कोणाचा निकाह पुन्हा चित्रित करता येत नाही. ज्याच्याकडे यूपीएस नाही आणि भावाच्या किंवा सासुरवाडीच्या घरी ठेवलेली वेगळी डिस्क नाही, त्याने २० हजारांतून आधी या दोन वस्तू घ्याव्यात. ती डिस्क काम झाले की काढून ठेवावी, सतत जोडलेली नसावी. महिन्यातून एकदा तिच्यावरची एखादी जुनी फाइल उघडून, पाच मिनिटे चालवून पाहावी.