‘बाई आल्या’ आणि ‘बाई आली’

‘बाई’ हा शब्द आपण दिवसातून कितीदा तरी उच्चारतो, पण त्याच्या अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही. शब्द जुना आहे. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या शिष्या ‘बाइसा’ भेटतात. पुढे जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई अशी मालिकाच दिसते. अभंगात स्वतःला नुसते ‘जनी’ म्हणवणारी नामदेवांच्या घरची दासी लोकांच्या ओठी ‘जनाबाई’ झाली. म्हणजे ‘बाई’ हे समाजाने दिलेले मानाचे लेणे होय.

प्रांत बदलला की अर्थही बदलतो. राजस्थानात लेकीबहिणींना आदराने ‘बाईसा’ म्हणतात. पारशी समाजात ‘बाई’ नावाच्या आधीही लागते. मुंबईतले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय हे त्याचे उदाहरण. उत्तरेत मात्र ‘बाईजी’ म्हणजे कोठ्यावर गाणारी, असा अर्थ रूढ झाला. अख्तरीबाई फैजाबादी १९४५ साली लग्न झाल्यावर ‘बेगम अख्तर’ झाल्या. इकडे गोमंतकातून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी ‘बाई’ सोडले नाही. १९६९ आणि १९७४ साली अनुक्रमे त्यांना पद्मभूषण मिळाले, ते याच नावांनी.

आता आपल्या घरात पाहू. १८४८ साली पुण्यातील मुलींच्या शाळेत सावित्रीबाई फुले शिकवू लागल्या. पुढे मराठी शाळांत शिक्षिकेला ‘बाई’ म्हणण्याची रीतच पडली. मी ज्या शाळेत शिकले तिथे ‘बाई आल्या!’ असे कुणी म्हटले की वर्ग चिडीचूप होई. माझी आई चार घरी धुणीभांडी करते. तिथेही तिला ‘बाई’च म्हणतात, पण दारातून आत निरोप जातो तो ‘बाई आली’ असा. शब्द एकच, क्रियापद मात्र वेगळे! व्याकरणाच्या तासाला आपण ज्याला आदरार्थी बहुवचन म्हणतो, ते त्या उंबरठ्यावर गळून पडते. आणि ‘त्याने बाई ठेवली’ या वाक्यात तर ‘बाई’ ही ठेवायची वस्तूच होते.

दोन्ही ठिकाणी नाव घेतले जात नाही, हेही पाहण्यासारखे आहे. शाळेत ते आदरापोटी घेत नाहीत. कामाच्या घरी ते कुणी विचारलेलेच नसते. आईचे नाव शांता. ज्या घरात ती नऊ वर्षे जाते, तिथल्या मुलांना ते ठाऊक नाही.

यावरून मला असे वाटते, की शब्दाला स्वतःचा मान नसतो. बोलणारा तो देतो किंवा काढून घेतो. ‘बाई’ जाऊन ‘मॅडम’, ‘ताई’, ‘मावशी’ असे नवे शब्द आले, तरी क्रियापद एकवचनीच राहिले तर काय बदलले? माझ्या मित्रमैत्रिणींनी आपापल्या घरी एवढे करून पाहावे: कामाला येणाऱ्या बाईंचे नाव विचारावे आणि उद्यापासून ‘शांताबाई आल्या’ असे म्हणावे. एका अनुस्वाराइतकेही कष्ट त्याला पडत नाहीत.