उभ्याने ऐकायचं की बसून?

प्रश्न : जुलैअखेर मुलीकडे लंडनला जातेय. ती मला ‘प्रॉम्स’ला नेणार आहे. परदेशी संगीत महोत्सव पहिल्यांदाच बघणार. गुडघे दुखतात, सिंफनीतलं काही कळत नाही. जाऊ का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, जरूर जा. अहो, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती तुमच्याच गावात, १९१६ साली, भातखंड्यांच्या पुढाकाराने आणि सयाजीरावांच्या आश्रयाने. तेव्हा बुजायचं कारण नाही.

प्रॉम्स १८९५ पासून चालू आहे. आता तो रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जुलैच्या मध्यापासून आठेक आठवडे चालतो. त्याची गंमत उभ्याच्या स्वस्त तिकिटांत आहे. पण खालच्या मोकळ्या जागेत दोन तास उभं राहायचं म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच! सगळ्यात वर गॅलरी आहे. तिथेही उभ्याचंच तिकीट, पण लोक खुशाल जमिनीवर बसतात, कुणी चक्क आडवं होऊन डोळे मिटून ऐकतं. तुम्हाला मात्र खाली बसून उठणं जड जाईल. मुलीला खुर्चीचंच तिकीट काढायला सांगा, आधीच.

एक सवय मात्र आवरा. आपण समेवर मान डोलावत ‘वाह’ म्हणतो. तिथे वादन चालू असताना चिडीचूप. सिंफनीचे बहुधा चार भाग असतात, मध्ये थांबले म्हणजे संपलं असं नाही. कंडक्टरने हात खाली सोडून मागे वळेपर्यंत टाळी रोखून धरा. आणि खोकल्याची गोळी आधीच कागदातून सोडवून ठेवा. त्या शांततेत कागदाची चुरचूर फार मोठी वाटते.