आधी बोलू द्यावे, मग लिहू द्यावे
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या भाषाध्यापनासंबंधी काही विचार)

भाषा हा प्राथमिक शाळेतील सर्व विषयांचा पाया होय. गणितातील उदाहरण असो की भूगोलातील नकाशा असो, मुलाला ते शब्दांच्या द्वारेच कळते. असे असूनही वरच्या वर्गांतील भाषेचा तास पुष्कळदा धडा मोठ्याने वाचणे, प्रश्नांची उत्तरे फळ्यावरून उतरवून घेणे आणि ती पाठ करणे यांतच संपतो. मूल सातवी उत्तीर्ण होते, धडा घडाघडा वाचते. परंतु त्याच धड्यातील आशय आपल्या शब्दांत सांग म्हटले, की गप्प उभे राहते. हे मौन कोठून येते, याचा विचार आपण करावयास हवा.

या बाबतीत मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. सहावीच्या वर्गात गावातील पाण्याविषयी बोलणे चालले होते. एक मुलगा उत्साहाने उठला आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्या हिरीचं पानी पार तळाला गेलंय." त्याचे बोलणे पुढे जाण्यापूर्वीच मी त्याला अडवले. "हीर नव्हे, विहीर म्हण. पानी नव्हे, पाणी." वर्ग हसला. मुलगा खाली बसला. त्या वर्षी तो आपण होऊन पुन्हा बोलावयास उठला नाही. वार्षिक परीक्षेत त्याने विहिरीवर चार वाक्ये लिहिली. ती शुद्ध होती, परंतु ती मीच फळ्यावर लिहून दिलेली होती. त्याच्या विहिरीचे पाणी तळाला गेले होते, ही गोष्ट त्यांत कोठेच नव्हती.

मुलाची बोली ही त्याची चूक नव्हे. ते त्याचे भांडवल आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात व घरात काम करताना त्यांनी आपल्या बोलीत रचलेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव व एक आप्त यांनी लिहून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आज ती मराठीचा ठेवा मानली जातात. ती ऐकणाऱ्याने प्रथम त्यांतील उच्चार सुधारावयास घेतले असते, तर आपल्या हाती काय उरले असते?

याचा अर्थ प्रमाण भाषा शिकवू नये असा नाही. अर्ज, वर्तमानपत्र, पुढील शिक्षणाची पुस्तके ही सर्व प्रमाण भाषेतच असतात, आणि खेड्यातील मुलाला ती शिकण्याचे ठिकाण बहुधा शाळा हेच असते. प्रश्न केवळ क्रमाचा आहे. २००९ च्या बालशिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २९ मध्येही मुलाला भयमुक्त ठेवावे व आपले विचार मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे, असे म्हटले आहे. भाषण, वाचन व लेखन ही तीन अंगे एकाच विषयाभोवती गुंफल्यास हा क्रम सहज साधतो. 'विहीर' हाच विषय घेऊन एका आठवड्याचे काम कसे आखावे, ते पुढे दिले आहे.

पहिला दिवस : भाषण. प्रत्येक मुलाने आपल्या माहितीच्या विहिरीविषयी दोन मिनिटे बोलावे. शिक्षकाने मध्ये बोलू नये व इतरांस हसू देऊ नये. मुलांच्या तोंडून आलेले शब्द फळ्यावर लिहावेत. एका बाजूस घरचा शब्द, दुसऱ्या बाजूस पुस्तकातील शब्द : हीर, विहीर, पानी, पाणी. मोट, रहाट, पोहरा, पाझर यांसारखे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत, हे पाहून मुलांना आनंद होतो. एखाद्या घरच्या शब्दास पुस्तकात जोड मिळाली नाही, तर तो तसाच ठेवावा.

दुसरा दिवस : वाचन. पाण्याशी संबंधित एखादा धडा किंवा वर्तमानपत्रातील उतारा घ्यावा. शिक्षकाने आदर्श वाचन करावे. नंतर मुलांनी मूकवाचन करावे. प्रश्न तीन प्रकारचे असावेत. पहिल्याचे उत्तर एका ओळीत सापडावे. दुसऱ्यासाठी दोन ठिकाणची माहिती जोडावी लागावी. तिसऱ्याचे उत्तर उताऱ्यात नसून मुलाच्या विचारात असावे. केवळ पहिल्या प्रकारचे प्रश्न विचारल्यास मूल ओळी शोधावयास शिकते, अर्थ शोधावयास नव्हे.

तिसरा दिवस : लेखन. पहिल्या दिवशी जे बोलले, तेच प्रत्येकाने सहा ते आठ वाक्यांत लिहावे. नमुना निबंध देऊ नये. फळ्यावरील शब्दांची यादी मात्र समोर राहू द्यावी.

चौथा दिवस : शुद्धलेखन. सर्व चुकांवर तांबडी शाई ओतल्यास मुलाला एकही चूक कळत नाही. एका आठवड्यास एकच नियम घ्यावा. विहीर लिहिताना 'ही' दीर्घ, पण विहिरीत लिहिताना 'हि' ऱ्हस्व. तसेच मूल, मुलाला, फूल, फुलाचा, पूल, पुलावर. अशी उदाहरणे मांडली म्हणजे मुले स्वतःच नियम सांगतात. शरीर, शरीरात यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यास अपवाद आहेत, हे त्यानंतर सांगावे. मुलांनी आपल्याच वहीतील या प्रकारच्या चुका शोधून दुरुस्त कराव्यात.

पाचवा दिवस : उपयोग. सुधारलेले लेखन प्रत्येकाने वर्गासमोर वाचावे. नंतर सर्वांनी मिळून विहिरीतील गाळ काढण्याविषयी ग्रामपंचायतीस अर्ज लिहावा : दिनांक, प्रति, विषय, मजकूर, सह्या. अर्ज खरोखर पाठवावयाचा झाल्यास मुख्याध्यापकांशी विचारविनिमय करावा. आपल्या लिहिण्याने काही घडू शकते, हे कळल्यावर मुले अक्षरही जपून काढतात.

जेथे एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग आहेत, तेथे एका वर्गाचे भाषण चालू असता दुसऱ्यास मूकवाचन व तिसऱ्यास लेखन द्यावे. वह्या तपासण्याचा भारही वाटून घेता येतो. चाळीस वह्या एकाच दिवशी न तपासता रोज दहा तपासल्या आणि दर वहीत एकाच नियमाकडे लक्ष दिले, तर काम नेटके होते.

बाजार, पेरणी, जत्रा, एस.टी.चा थांबा असे विषय प्रत्येक गावात आहेत. शिक्षकबंधुभगिनींनी हा क्रम निदान महिनाभर करून पाहावा. महिन्याच्या शेवटी पटावरील नावे समोर घ्यावीत आणि या काळात जी मुले एकदाही बोलली नाहीत, त्यांच्या नावांपुढे खूण करावी. पुढील महिन्याचे काम त्या मुलांपासून सुरू करावे.