दुसऱ्याच्या खेळात हात घालताना

पोटापाण्यासाठी मी बँकांचं सॉफ्टवेअर लिहितो. रात्री जेवणं आटोपली की 'स्कायरिम' या व्हिडिओ गेमचे मॉड, म्हणजे मूळ खेळात बाहेरून घातलेले बदल. बेथेस्डाचा हा गेम नोव्हेंबर २०११ मध्ये आला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने 'क्रिएशन किट' हे आपलं अवजारच खेळाडूंच्या हाती दिलं. तेव्हापासून जगभरची हौशी मंडळी या खेळात स्वतःची भर घालत आली आहेत. त्यांच्यात वावरताना उमगलेल्या या काही गोष्टी.

१. कोड लिहिणं हा यातला लहान भाग. इतरांच्या कामाशेजारी नांदणं हा मोठा. खेळातल्या व्हाइटरन शहरातला बेलेथॉर हा दुकानदार घ्या. माझ्या मॉडने त्याचा दिनक्रम बदलला, दुसऱ्या कुणाच्या मॉडने चेहरा. पण खेळाच्या लेखी दोन्ही गोष्टी एकाच नोंदीत असतात आणि जो मॉड शेवटी लोड होतो, त्याची अख्खी नोंद लागू होते. माझा नंतर आला की नोंद सांगते एक, चेहऱ्याची फाइल सांगते दुसरंच. मग बेलेथॉरचं तोंड काळंराखाडी पडतं. हात मात्र नेहमीच्या रंगाचे. खरं तर दोघांचंही काम आपापल्या जागी बिनचूक. अशा वेळी एक्सएडिट या साधनात दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी उघडायच्या, एकेक ओळ ताडून बघायची आणि याचा चेहरा, त्याचा दिनक्रम असं उचलून तिसरा छोटा पॅच करायचा. या पॅचला कुणी नावाजत नाही, पण नव्या मॉडपेक्षा मला त्यातच जास्त समाधान मिळतं.

२. आपली चार ओळींची स्क्रिप्ट दुसऱ्याच्या आठवणीत जाऊन बसते. ऑफिसात नवी आवृत्ती बिघडली तर जुनी परत चढवता येते. इथे स्कायरिमच्या पॅपिरस भाषेतल्या स्क्रिप्टची स्थिती खेळाडूच्या सेव्हमध्येच, म्हणजे जतन केलेल्या खेळातच साठते. मध्येच मॉड काढून टाकला तरी तिचे अवशेष मागे उरतात. कुणीतरी महिनोन्‌महिने जपलेला तो सेव्ह असतो. म्हणून दर काही सेकंदांनी उठून चौकशी करणारी स्क्रिप्ट मी लिहीत नाही. काही घडलं तरच जागी होईल, अशी लिहितो.

३. शहाणपण पदवी बघून येत नाही. एका खेळाडूने माझ्याकडे तक्रार पाठवली: गुहेच्या दाराशी गेम बंद पडतो. सोबत क्रॅश लॉग, संपूर्ण लोड ऑर्डर (मॉड कोणत्या क्रमाने लोड होतात ती यादी) आणि तपासाची हकिगत. अर्धे मॉड बंद केले, मग उरलेल्यांतले अर्धे, असं करत स्वारी नेमक्या दोन मॉडपर्यंत पोचली होती. प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, असंही प्रांजळपणे लिहिलं होतं. इतकी नेटकी तक्रार मला नोकरीतही क्वचितच वाचायला मिळाली आहे.

४. मागे सोर्स कोड ठेवला, तरच काम मागे राहतं. ११ नोव्हेंबर २०२१ला 'ॲनिव्हर्सरी एडिशन'सोबत आलेल्या अपडेटमध्ये कंपनीने कंपायलरच बदलला. गेमच्या आतल्या फंक्शनांचे पत्ते हलले आणि स्क्रिप्टची ताकद वाढवणाऱ्या 'स्क्रिप्ट एक्स्टेंडर'वर चालणारे डीएलएल प्लगइन धडाधड बंद पडले. ज्यांचा कोड खुला होता, त्यांतले बरेच परक्या माणसांनी रात्री जागून पुन्हा उभे केले. ज्यांचे लेखक केव्हाच निघून गेले होते आणि कोड कुलूपबंद होता, त्यांच्यापुढे सगळे हतबल झाले. त्या आठवड्यांत ओळखदेख नसलेली माणसं एकमेकांचा कोड दुरुस्त करत होती, ते बघून मी भारावून गेलो.

५. पैशाचा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व्ह आणि बेथेस्डाने व्हॉल्व्हच्या स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात स्कायरिमचे मॉड विकायची सोय केली. लेखकाचा वाटा २५ टक्के. एवढा गदारोळ उठला की काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. मेहनतीला मोल मिळावं असं मलाही वाटतं. पण माझा मॉड कुणाच्या तरी फुकट दिलेल्या लायब्ररीवर उभा आहे, ती आणखी कुणाच्या तरी शोधावर. यात माझे २५ टक्के नेमके कुठले, हे मला अजून सांगता येत नाही.

तुम्ही मॉड लिहीत असाल तर सोर्स आणि परवाना दोन्ही सोबत ठेवा. नुसते खेळत असाल तर तक्रारीला लोड ऑर्डर जोडा. आणि सगळं सुरळीत चालत असेल, तर तेही लेखकाला एका ओळीत कळवा.