पृष्ठभागीं चरणारे मासे व गळाची रीत

ज्या बागाईतदारांनीं आपल्या शेततळ्यांत कटला, रोहू, मृगळ व गवत्या हे मासे सोडिले आहेत, त्यांची नेहमींची तक्रार अशी कीं, मासा वर आलेला डोळ्यांस दिसतो, परंतु गळास लागत नाहीं. घरच्या जेवणापुरते एकदोन मासे काढण्यासाठीं सबंध तळ्यांत जाळें ओढणें परवडत नाहीं, व प्लास्टिकचें अस्तर असल्यास तें फाटण्याचें भय असतें. सबब गळाची रीत समजून घेणें अगत्याचें आहे.

मृगळ तळाशीं चरतो, रोहू मधल्या थरांत. त्यांचा विचार येथें नको. कटल्याचें डोकें मोठें व तोंड वरच्या अंगास वळलेलें असून तो वरच्या थरांतील सूक्ष्म जीव पाण्याबरोबर ओढून घेतो. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, पूर्व आशियांतील असून १९५९ सालीं भारतांत आणिला गेला. तो तरंगता हिरवा चारा खावयास वर येतो.

हे मासे बुजतात, त्याचें कारण त्यांचे कान व डोळे. त्यांच्या पोटांतील हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची सांखळी असते. तिच्या योगें काठावरील पावलाचा धक्का त्यांस तत्काळ कळतो. तसेंच पाण्यांत शिरतांना प्रकाशाचे किरण वांकत असल्यामुळें बाहेरील सर्व देखावा माशास डोक्यावरील वाटोळ्या झरोक्यांत एकवटून दिसतो. उभा मनुष्य त्यांत स्पष्ट येतो. दोन पावलें मागें सरून बसलेला मनुष्य झरोक्याच्या कडेस चेपून जातो. म्हणून बसावें, व सूर्य समोर ठेवावा, म्हणजे सावली पाण्यावर पडत नाहीं. पांढरा सदरा व पांढरी टोपी हा आमच्या मंडळींचा नित्याचा वेष या कामास अगदींच वाईट!

आठवडाभर आधीपासून, गळ न घेतां, ठराविक वेळीं एकाच जागीं खाद्य टाकावें. वारा ज्या काठाकडे वाहतो तेथें तरंगतें खाद्य आपोआप जमतें. तो काठ धरावा. गवत्यासाठीं लसूणघासाचे कोंवळे शेंडे किंवा पावाचा तुकडा घ्यावा व दोरीस शिसें मुळींच बांधूं नये. आमिष माशाच्या डोक्यावर न टाकतां वाऱ्याच्या बाजूस दूर टाकून वाहत येऊं द्यावें. बिनगळाचे तीनचार तुकडे त्यानें निःशंकपणें खाल्ले म्हणजे मग गळाचा तुकडा सोडावा. कटल्यासाठीं शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा मळून गोळा करावा आणि हलक्या बुचाखालीं हातभर खोलीवर लोंबत ठेवावा. गोळा हळूंहळूं विरघळेल इतका सैल असावा. कारण कटला तो चावीत नाहीं, भोंवतालचा भुगा ओढतांना गळ त्याच्या तोंडांत जातो.

मात्र पहाटे सबंध कळप वर येऊन तोंडें उघडमीट करीत असेल, आमिषाकडे ढुंकूनही पाहत नसेल व पाय आपटला तरी खालीं जात नसेल, तर तो भुकेनें आलेला नव्हे. त्याचा श्वास कोंडला आहे. हिरव्यागार पाण्यांतील वनस्पती रात्रीं प्राणवायु सोडीत नाहींत, उलट स्वतःच घेतात. ढगाळ व निवाऱ्याच्या दिवसांत ही तूट फार वाढते. आज मासा बुजत नाहीं म्हणून कित्येकांस अशा वेळीं आनंद होतो व ते गळ घेऊन बसतात. इकडे सबंध तळें हातचें जाण्याची वेळ आलेली असते. गळ ठेवून द्यावा, पंप लावून पाणी उंचावरून शिंपडीत सोडावें, आणि मासे पूर्ववत् खालीं जाईपर्यंत खाद्य व शेणखत बंद ठेवावें.

हें सर्व स्वतःच्या तळ्यापुरतें झालें. गावतळीं व पाझर तलाव बहुधा मासेमारीच्या ठेक्यानें दिलेले असतात. आपलें शेत तलावास लागून आहे एवढ्यानेंच माशांवर हक्क पोंचत नाहीं. तेथें ठेकेदाराची परवानगी घेऊन मगच गळ टाकावा.